चिपचे फोटो काढताय? आधी डाय सपाट आहे का बघा

डाय म्हणजे चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा, ज्यावर सगळं सर्किट असतं. सिलिकॉनमधून उजेड आरपार जात नाही, म्हणून कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमधला खालून दिवा असलेला मायक्रोस्कोप इथे चालत नाही. वरून उजेड टाकणारा मेटलर्जिकल लागतो. हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझी फजिती त्याच्या पुढे झाली.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी लॅमिंग्टन रोडवरून भंगारातल्या बोर्डावरची ईप्रॉम (अतिनील उजेडाने पुसता येणारी मेमरी चिप) आणली. वर क्वार्ट्झची खिडकी, त्यामुळे काही फोडायला नको. 10 एक्सचा ऑब्जेक्टिव्ह (दहा पट मोठं दाखवणारी, चिपकडची लेन्स) लावला, तुकड्यातुकड्याने फोटो काढले, ह्यूजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. डावीकडे रेघ न् रेघ दिसतेय, उजवीकडे नुसता चिखल.

चार महिने मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. ओव्हरलॅप वाढवला, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल केला (ते करायचंच असतं, ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा येतो). चिखल तसाच. डाय तिरकी होती, बस्स.

हिशेब मांडतो, कारण मी तो फार उशिरा मांडला. डाय 5 मिमी रुंद आणि फक्त 1 अंश कललेली असेल, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत उंचीत 87 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडतो. एनए म्हणजे लेन्स किती तिरका उजेड गोळा करते त्याचं माप, ते वाढलं की फोकस उथळ होतो. 0.25 एनएच्या 10 एक्सला फोकसमध्ये राहते ती जेमतेम 9 मायक्रॉनची जाडी. 0.4 एनएच्या 20 एक्सला साडेतीन. आणि 1 अंश नुसत्या डोळ्याला कळतसुद्धा नाही! दर फोटोला फोकस फिरवून पाहिला, तरी उपयोग शून्य. माझ्या कॅमेऱ्याच्या एका चौकटीत 10 एक्सला 2.2 मिमी मावतात, म्हणजे एकाच फोटोत 38 मायक्रॉनचा उतार.

यावर उपाय फुकटातला आहे. स्लाइडवर लहान मुलांच्या क्लेचा गोळा, त्यावर चिप. एका कोपऱ्यावर फोकस करा, दुसऱ्या कोपऱ्यावर जा, फाइन फोकसची चकती किती घरं फिरवावी लागली ते मोजा, तेवढी चिप दाबा. मग तिसरा कोपरा. तीन जमले की चौथा आपोआप जमतो. चिपच्या बाहेरच्या कवचावर लेव्हल ठेवून समाधान मानू नका, आत डाय चिकटवतानाच वाकडी बसलेली असू शकते. माझी तशीच होती.

ओळखीतले एक सर म्हणाले होते, ‘फोकस स्टॅकिंग कर, सगळं सुटतं.’ म्हणजे एकाच जागेचे वेगवेगळ्या फोकसला फोटो काढायचे आणि त्यांतले स्पष्ट भाग एकत्र करायचे. सुटतं की! 20 एक्सवर अशा डायचे सत्तरेक फोटो होतात, प्रत्येकाचे सहा थर, म्हणजे चारशेच्या वर. ज्याने स्वतः चारशे फोटो काढलेले नाहीत त्याचा सल्ला मी आता ऐकून सोडून देतो.

चिपचं प्लॅस्टिकचं कवच विरघळवायला घरात नायट्रिक ॲसिड उकळू नका. गॅलरीतही नाही. शेजाऱ्यांच्या घरात लहान मुलं असतात. आरएफ (रेडिओ लहरींच्या) पॉवर ट्रान्झिस्टरचं सिरॅमिक तर कधीच फोडू नका, काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करते. त्यापेक्षा धातूच्या डबीतला 741 (जुना, साधा ॲम्प्लिफायर) घ्या, कानशीने कड घासा, टोपी निघते. डाय इवलीशी, पण ट्रान्झिस्टर मोठे, 10 एक्सला ओळखू येतात. पहिल्या दिवशी तेवढं दिसलं तरी हात थरथरतो, माझा थरथरला होता.

आणि हो, रुळालगत राहत असाल तर रात्रीची शेवटची लोकल जाऊ द्या. आमच्या कुर्ल्याच्या खोलीत दर गाडीला अख्खी डाय नाचायची. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माझ्या 20 एक्सला दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी लागली, अजून तोच वापरतोय, काळे भाग जरा राखाडी येतात.