लॅटिन काव्यातली ग्रीक नद्या-नगरांची नावं : या चुका टाळा

इ.स.पू. ५० मध्ये रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो किलिकिया (आजच्या तुर्कस्तानात) या प्रांताचा कारभार पाहत होता. तिथून त्यानं अ‍ॅटिकस या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात छोटीशी दुरुस्ती आहे. राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात त्यानं पेलोपोनेसमधल्या फ्लिउस गावच्या लोकांना ‘फ्लिउन्ती’ म्हटलं होतं. खरं रूप ‘फ्लियासी’. चूक कशी झाली, तेही त्यानं मोकळेपणानं सांगितलं. ओपूसचे ते ओपुन्ती, सीपूसचे ते सीपुन्ती, मग फ्लिउसचे फ्लिउन्ती असणार, असं त्यानं सादृश्यावरून धरलं होतं. तुझ्या प्रतीत दुरुस्त करून घे, असं त्यानं अ‍ॅटिकसला कळवलं. पुढे हा ग्रंथ कित्येक शतकं हरवला होता. व्हॅटिकनमध्ये खरडून पुन्हा वापरलेल्या एका चर्मपत्रावर त्याचा मोठा भाग सापडला आणि १८२२ मध्ये छापून आला. त्या चर्मपत्रात ‘फ्लिउन्ती’च आहे.

सिसेरोला ग्रीक उत्तम येत होतं. तरी ओळखीच्या नावावरून त्यानं अनोळखी नाव बेतलं आणि तिथेच फसला. लॅटिन काव्य मराठीत आणताना, किंवा नुसतं वाचतानाही, आपल्या बहुतेक चुका अशाच होतात. फरक इतकाच, की आपलं ओळखीचं माप इंग्रजी असतं.

इंग्रजीच्या वाटेनं आलेले उच्चार

सगळ्यात आधी लिप्यंतर. आखेलोउस ही पश्चिम ग्रीसमधली मोठी नदी. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात हा नदीदेव हर्क्युलीसशी कुस्ती खेळतो आणि त्यात आपलं एक शिंग गमावतो. मराठीत तो कधी ‘अचेलस’ होऊन येतो, कधी ‘अकेलूस’. यातलं ‘च’ तर साफ चूक. ग्रीक भाषेत तीन महाप्राण व्यंजनं होती आणि ती रोमन लिपीत उतरवायला रोमन लोकांनी मूळ अक्षरापुढे ह-कार जोडला. ते तीन ध्वनी म्हणजे आपले ख, थ, फ. इंग्रजी वाचकाला हे मुद्दाम शिकवावं लागतं. आपल्याला ते खडू, थवा, फळ म्हणताना आपसूक येतं. म्हणून आखेलोउस, थेबाए, फासिस असं लिहावं. ‘फ’ मात्र फळातला, फॅनमधला नव्हे.

तसंच ट-ड. लॅटिन आणि ग्रीक त-द दंत्य आहेत. इंग्रजीतून आलेला ट-ड ऱ्होदोसला ‘ऱ्होड्स’ करून टाकतो. जी नावं मराठीत रुळली आहेत, अथेन्स, ट्रॉय, स्पार्टा, ती तशीच ठेवावीत. तिथे शुद्धतेचा हट्ट धरला तर वाचक अडखळतो. पण जे नाव मराठीत पहिल्यांदाच येतं आहे, ते निदान इंग्रजीच्या दारातून आणू नये.

‘एउस’चा फास

ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, म्हणून इथे जरा थांबतो. ऑर्फेउस आणि आल्फेउस ही नावं रोमन लिपीत अगदी एका साच्यातली दिसतात. पण ऑर्फेउसमधला ‘एउ’ हा एकच संयुक्त स्वर आहे, शब्द दोन अक्षरांचा. आल्फेउस मूळ ग्रीकमध्ये ‘आल्फेइओस’. लॅटिनमध्ये त्याची तीन अक्षरं होतात: आल्, फे, उस. मधला ‘फे’ दीर्घ.

खात्री कशी करायची? वृत्तावरून. लॅटिन षट्पदी छंद आपल्या लघु-गुरूंवरच चालतो. ज्याच्या कानावर गणवृत्तं आहेत, त्याला हे शिकायला फार वेळ लागत नाही. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनेइड’ या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात ही ओळ आहे:

ओर्तिगिआम. आल्फेउम फामा एस्त हूक एलिदिस आम्नेम

एलिस प्रांतातली आल्फेउस नदी समुद्राखालून गुप्त वाटेनं सिसिलीत आली आणि आरेथुसाच्या झऱ्यात मिसळली, ही आख्यायिका इथे सुरू होते. ‘ओर्तिगिआम’चा शेवट पुढच्या स्वरात विरतो, मग आल्, फे, उम असे तीन गुरू सलग येतात. ‘आल्फ्यूम’ म्हणून पाहा, ओळ एका अक्षरानं लंगडी पडते.

आता उलट उदाहरण. थेस्सालीतली एनीपेउस ही नदी. आल्फेउसवरून कुणी तिचं नाव चार अक्षरांत म्हणेल. पण तिचा ‘पेउस’ ऑर्फेउसच्या जातीचा, एकच अक्षर. ओव्हिडनं एक ओळ याच नावानं संपवली आहे आणि शेवटच्या गणात बरोबर दोन गुरू लागतात: नी, पेउस. त्यामुळे शेपूट बघून ठरवू नका. मूळ ग्रीक रूप बघा, नाहीतर ओळ मोठ्यानं म्हणा.

याच ओळीत स्पेर्खीओस ही नदी येते. व्हर्जिलकडे तीच ‘स्पेर्खेओस’ आहे. ग्रीक ‘एइ’ रोमन कानांना कधी ई वाटला, कधी ए. नदी एकच. कोशात एक स्पेलिंग सापडलं नाही तर लगेच दुसरी नदी शोधू नका.

नदी की नद?

ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्याच्या पहिल्याच सर्गात दाफ्ने अपोलोपासून पळते आणि तिचं लॉरेलचं झाड होतं. ती पेनेउस या नदीची मुलगी. मी हा भाग पहिल्यांदा मराठीत उतरवला तेव्हा वहीत लिहिलं होतं, ‘पेनेउस नदी आपल्या मुलीला म्हणाली.’ व्याकरण चोख, अर्थ पार बिघडलेला. पेनेउस बाप आहे. मुलीनं लग्न करावं, नातवंडं द्यावीत म्हणून मागे लागलेला बाप.

आपल्याकडे गंगा, कृष्णा, गोदा या साऱ्या आया. ग्रीक-रोमन जगात नद्या बहुतेक पुरुष: दाढीवाले, शिंगं असलेले, मुलींचे बाप. झाड होण्याच्या घटनेनंतरचा प्रसंग पाहा. तेम्पेच्या खोऱ्यात, खडकातल्या आपल्या घरात पेनेउस बसला आहे, पाण्याला आणि पाण्यातल्या अप्सरांना न्याय देतो आहे. आसपासच्या नद्या भेटायला येतात: काठावर पॉप्लर वाढवणारा स्पेर्खीओस, अस्वस्थ एनीपेउस, म्हातारा आपिदानुस, शांत आंफ्रीसोस. अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांना कळत नाही. मुलीचं झाड झालं, पण देवाचं मानाचं झाड. या सगळ्यांना ‘ती’ म्हटलं की भेटायला आलेल्या बापमाणसांचा तो अवघडलेपणा संपतो. एकटा इनाखुस आलेला नाही. त्याची मुलगी इओ हरवली आहे, तो गुहेत बसून रडतो आहे आणि आसवांनी त्याचंच पाणी वाढतं आहे.

उपाय सोपा आहे. ‘नदी’ हा शब्दच गाळावा: ‘पेनेउस वाहतो’. फारच गरज पडली तर ब्रह्मपुत्र आणि शोण यांच्यासाठी वापरतो तो ‘नद’ आहेच. अपवादही लक्षात ठेवा: पाताळातल्या स्टिक्स आणि लेथे स्त्रीलिंगी आहेत.

नगरांचं उलट. कोरिन्थुस, एफेसुस, ऱ्होदोस ही नावं दिसायला पुल्लिंगी, वागायला स्त्रीलिंगी. मराठी अनुवादात याचा त्रास होत नाही, पण विशेषण कुठल्या नामाचं हे लावताना वाक्य तुटतं.

हे नाव आहे की नातं?

‘इनाखिस’ शब्द आला की नकाशा उघडणारे मी पाहिले आहेत. इनाखिस ही जागा नाही, ती इनाखुसची मुलगी, म्हणजे इओ. द्रुपदाची ती द्रौपदी, गंगेचा तो गांगेय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना समजावून सांगायला नको. पेनेइआ म्हणजे दाफ्ने. ‘फासिअस’ म्हणजे मेदेआ, कारण ती काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिसची आणि फासिस ही तिथली नदी, आजच्या जॉर्जियातली रिओनी.

याच्या पुढची पायरी जास्त अवघड. रोमन कवी होरेसनं एके ठिकाणी ‘दिर्केचा हंस’ म्हटलं आहे. दिर्के हा थेबाए नगराजवळचा झरा. तिथला हंस म्हणजे थेबाएचा कवी, पिंडार. झऱ्याच्या नावाआड गाव, गावाआड माणूस. अनुवादात ‘दिर्केचा हंस’ तसाच ठेवावा आणि खाली एक ओळीची टीप द्यावी, असं माझं मत आहे. सरळ ‘पिंडार’ लिहिलं तर अर्थ पोचतो, पण पाणी आटतं.

कोशात सापडत नाही तेव्हा

परक्या माणसानं ‘पुण्यात’ ऐकलं आणि नकाशात ‘पुण्या’ शोधलं तर त्याला काय मिळणार? लॅटिनमध्ये आपली तशीच गत होते. ‘सिमोएन्तिस’ची प्रथमा ‘सिमोइस’. ‘आक्रागान्ता’ची ‘आक्रागास’. त्यातून कवींना ग्रीक विभक्ती वापरायची हौस. होरेसच्या पहिल्या पुस्तकातलं सातवं गीत यासाठी उत्तम सरावपाठ आहे. सुरुवातच अशी:

लाउदाबुन्त आलिई क्लाराम ऱ्होदोन आउत मितिलेनेन

‘दुसरे कुणी विख्यात ऱ्होदोसची स्तुती करतील, किंवा मितिलेनेची.’ ऱ्होदोन आणि मितिलेनेन या दोन्ही ग्रीक द्वितीया. क्लाराम हे स्त्रीलिंगी विशेषण, ऱ्होदोसचं लिंग तिथे उघड होतं. पुढे थेबास, देल्फोस, मिकेनास येतात, ही तिन्ही नावं अनेकवचनी. एकाच गावाचं नाव अनेकवचनी असणं लॅटिनमध्ये अगदी नेहमीचं. अथेन्सही तसंच, आथेनाए. म्हणून ‘आथेनीस’ दिसलं तर ‘अथेन्समध्ये’ किंवा ‘अथेन्सहून’ असा अर्थ आधी लावून पाहा. तिथेच तेम्पे आहे, नपुंसकलिंगी अनेकवचन, ज्याला विभक्तीप्रत्यय लागत नाहीत. आणि आर्गोस नपुंसकलिंगी एकवचन, पण हेच गाव इतरत्र ‘आर्गी’ असं पुल्लिंगी अनेकवचनी होऊन येतं.

गद्यात मात्र लॅटिन वळण अपेक्षित असे. त्याच इ.स.पू. ५० च्या अखेरीस अ‍ॅटिकसनं सिसेरोला ‘पिराएउसला’ (पिराएउस म्हणजे अथेन्सचं बंदर) या शब्दप्रयोगातल्या शब्दयोगी अव्ययावरून टोकलं. सिसेरोनं उत्तर दिलं, की अव्ययापेक्षा माझी मोठी चूक वेगळीच आहे: रोमन माणूस असून मी ग्रीक द्वितीया लिहिली, आपले लोक सगळे ‘पिराएउम’ म्हणतात. म्हणून गद्यात आग्रिगेन्तुम आणि काव्यात आक्रागास दिसलं तर ती दोन शहरं समजू नयेत.

कोश वापरताना ‘उस’ आणि ‘ओस’ दोन्हीखाली पाहावं, ‘उम’ आणि ‘ओन’ दोन्हीखाली पाहावं. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश जुना झाला असला तरी नावांच्या रूपांसाठी अजून कामाचा आहे.

एका नावाची अनेक ठिकाणं

आपल्याकडे पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत, एक तापीला मिळते, एक गोदावरीला. शिवाय परभणी जिल्ह्यात पूर्णा नावाचं गाव. तिकडेही हाच प्रकार. सिसिलीतल्या गेला नगराला नदीवरून नाव पडलं, हे व्हर्जिल स्वतःच सांगतो. थेबाए बोएओतियातलं आणि थेबाए इजिप्तमधलं. लारिसा तर थेस्सालीत, ट्रॉयच्या प्रदेशात, एओलिसमध्ये. आमिक्लाए स्पार्टाजवळ आहे, पण व्हर्जिलच्या दहाव्या सर्गातलं ‘मुकं आमिक्लाए’ इटलीतलं आहे. आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय ठिपका ठेवू नका.

कधी कवी मुद्दाम दोन जागा एक करतो. शेतीवरच्या काव्यात व्हर्जिल म्हणतो, की फिलिप्पीनं रोमन सैन्यांना आपसात लढताना पुन्हा पाहिलं. आधीची लढाई इ.स.पू. ४८ मध्ये थेस्सालीतल्या फार्सालुसला झाली होती, फिलिप्पीची ४२ मध्ये मॅसिडोनियाच्या पूर्व भागात. त्याच्यामागून आलेल्या कवींनीही हे जुळं नाव उचललं. अनुवादकानं इथे भूगोल दुरुस्त करायला जाऊ नये.

आणि मला सगळ्यात जपावीशी वाटणारी जागा. ‘एनेइड’चा नायक, ट्रॉय पडल्यावर निघालेला एनेआस, बुथ्रोतुमला, आजच्या आल्बेनियातल्या बुत्रिंतला पोचतो. तिथे हेक्टरची विधवा आंद्रोमाखे एका रिकाम्या, हिरवळीच्या थडग्यापाशी उभी आहे, सिमोइसच्या काठी. सिमोइस ट्रॉयची नदी, मग ती इथे कशी? व्हर्जिलनं ‘फाल्सी सिमोएन्तिस’ लिहिलं आहे, खोटी सिमोइस. निर्वासितांनी परक्या ओढ्याला गावाकडच्या नदीचं नाव दिलं आहे. पुढे एनेआसला क्सान्थुस नावाचा ओढा दिसतो, कोरडा पडत चाललेला, आणि तो तिथल्या छोट्या ट्रॉयच्या वेशीचा उंबरठा कवटाळतो. मी पाहिलेल्या एका मराठी मसुद्यात ‘सिमोइस नदीकाठी’ एवढंच होतं, ‘खोटी’ गळलं होतं. त्या एका शब्दावाचून आंद्रोमाखे परत ट्रॉयमध्ये जाऊन उभी राहिली होती.