कौन्सिलकडून केअरर्स असेसमेंट कसं करून घ्यावं

इंग्लंडमध्ये राहून सासूबाईंचं, वडिलांचं किंवा अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं तुम्हीच करत असाल, तर तुम्हाला स्वतःला कोणता आधार हवा हे कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) तपासायलाच हवं. या तपासणीलाच केअरर्स असेसमेंट म्हणतात; केअरर म्हणजे घरच्या माणसाचं करणारे तुम्ही. केअर अ‍ॅक्ट २०१४ च्या कलम १० मध्ये ते लिहिलेलं आहे. ‘आधी केअरर्स अलाउन्स लागतो’, ‘नोकरी असेल तर देत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. अलाउन्स म्हणजे केअररला मिळणारा भत्ता, ती केंद्र सरकारची बाब, आठवड्याला ३५ तासांची अट तिथे. असेसमेंटला तासांची अट नाही, पगाराची नाही, फी नाही. ज्यांचं करता त्यांनी स्वतःची तपासणी नाकारली तरी तुमची होते.

फोन करायचा तो ज्यांचं करता ते जिथे राहतात तिथल्या कौन्सिलच्या अडल्ट सोशल केअरला (प्रौढांच्या देखभालीचा विभाग). तुम्ही स्लाउला आणि आई लेस्टरला असेल, तर लेस्टरला. काही कौन्सिलांनी हे काम स्थानिक संस्थेकडे सोपवलेलं असतं, चालतं. फोनवर बोलणं झालं की तीच मागणी ईमेलनेही टाका. जीपीकडेही (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे) केअरर म्हणून नोंद करून ठेवा.

शक्यतो प्रत्यक्ष भेट मागा. ‘दोघांचं एकत्रच करू या का?’ असं विचारतील. त्याला दोघांची संमती लागते. तुम्ही नाही म्हणा. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना ‘मला आता झेपत नाही’ हे कुठली सून बोलणार आहे? दुभाषा हवा असेल तर आधीच मराठीचा मागा, हिंदीवर भागवू नका आणि शाळकरी नातवाला तर मुळीच मधे बसवू नका.

आता खरा अवघड भाग. मला सर्वांत जड हाच गेला, आणि ज्यांच्या सोबत जाऊन बसले त्यांच्यापैकी बहुतेक जण इथेच अडले. असेसर विचारते, ‘झोप कशी होते?’ आपण म्हणतो, ‘होते बऱ्यापैकी.’ ‘घरातलं सगळं सांभाळता येतं?’ ‘हो, जमतंय.’ वर चहा, चकली. ती बिचारी लिहून घेते, जमतंय, आणि फाइल बंद.

नियम नीट समजून घ्या. सेवेमुळे तुमची तब्येत बिघडते आहे किंवा बिघडण्याचा धोका आहे, नाहीतर ठरलेल्या आठ गोष्टींपैकी एक तरी साधत नाही (घर राहण्याजोगं ठेवणं, नीट जेवण, मुलांकडे बघणं, नोकरी किंवा शिक्षण, नातीगोती, विरंगुळा वगैरे), आणि याचा तुमच्या आयुष्यावर मोठा परिणाम होतो आहे, असं दिसावं लागतं. यातली मेख अशी, की एखादी गोष्ट तुम्ही करता, पण करताना बराच त्रास, वेदना किंवा चिंता होत असेल, तर कायदा तिला ‘साधत नाही’ असंच धरतो. म्हणून ‘जमतं’ हा शब्द तोंडातून निघाला, तर लगेच ‘पण’ जोडा आणि किती त्रासाने जमतं ते सांगा.

त्यासाठी आठवडाभराची टिपणं हाताशी हवीत. ‘थकवा येतो’ असलं मोघम नको. असं हवं: मंगळवार, रात्री १:४०, बाथरूमला नेलं. ३:१५, चादर बदलली. ५:००, ‘गावी कधी निघायचं’ म्हणत सासूबाई पिशवी घेऊन दाराशी उभ्या. सकाळी ७ ला माझी शिफ्ट. वाईटातली वाईट रात्रही सांगा आणि ती किती वेळा येते तेही सांगा. हे रडगाणं नव्हे, तुमची केस आहे.

आणखी एक प्रश्न येतो: पुढेही हे सगळं करायची तुमची तयारी आहे का, आणि झेपेल का? आपल्याला तो अपमानच वाटतो. ‘म्हणजे काय, आई आहे माझी!’ एवढं बोललात की सगळंच तुमच्या गळ्यात पडलं म्हणून समजा. कामं वेगळी करून सांगा: औषधं आणि जेवण मी बघेन, आंघोळ घालणं माझ्याने होणार नाही. आईला आंघोळ घालायला मुलगा संकोचत असेल, आईही संकोचत असेल, तर तेही स्पष्ट बोला.

असेसमेंटची लेखी प्रत आणि निर्णयाची कारणं मागून घ्या. पात्र ठरलात तर सपोर्ट प्लॅन, म्हणजे कोणती मदत मिळणार याची लेखी आखणी, होतो. पैसे डायरेक्ट पेमेंटने हातातही घेता येतात. मात्र तुम्हाला सुट्टी मिळावी म्हणून घरी माणूस येणार असेल, तर ती सेवा बहुधा आईच्या नावावर धरतात, म्हणून तिचीही तपासणी लावून घ्या. तिथे तिची मिळकत बघतात, तुमची नाही.

नकार आला तर आधी कौन्सिलकडे लेखी तक्रार, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा). आणि मधेच आई पडली, किंवा तुमचीच पाठ धरली, तर पुढच्या आढाव्याची वाट बघू नका, त्याच आठवड्यात फेरतपासणी मागा.