कँटोनीज आकडे: आधी सूर, मग बाजारभाव

कँटोनीज या चिनी भाषेचे दहा अंक एका दुपारीत पाठ होतात. हाँगकाँगच्या बाजारात भाजीवाल्याने सांगितलेला भाव कानाने पकडायला मात्र वेगळी तयारी लागते.

अंक देवनागरीतच लिहून घ्या: यत्, यी, साम्, सेय्, ङ्, लुक्, छत्, पात्, कौ, सप्. शून्य म्हणजे लिङ्. युतपिंग या रोमन लेखनात आठाच्या सुरुवातीला ‘बी’ आणि नवाच्या सुरुवातीला ‘जी’ दिसतं, पण उच्चार आपला ‘प’ आणि ‘क’. अ आणि आ यांची गल्लत महागात पडते: ‘सप् मन्’ म्हणजे दहा डॉलर, ‘सप् मान्’ म्हणजे एक लाख. शेवटचे त्, प्, क् तोंडातच अडवायचे. सोडले की ऐकणाऱ्याला पुढे आणखी एक अक्षर आहे असं वाटतं. पाच म्हणजे ‘वाङ्मय’मधला नुसता ङ्. बरेच जण तिथे ‘म्’ म्हणतात, तोही ओळखता यायला हवा.

सूर सहा. ते ३-९-४-०-५-२ या क्रमाने ओळीने मिळतात: साम् उंच सपाट, कौ चढता, सेय् मधला सपाट, लिङ् खाली उतरता, ङ् खालून किंचित चढता, यी खालचा सपाट. ही ओळ रोज मोठ्याने म्हणा. नवा शब्द आला की त्याचा सूर यातल्या कोणाशी जुळतो ते बघा. ‘सेय्’ चढवून म्हटलं की त्याचा अर्थ मरण होतो. म्हणूनच तिथल्या कित्येक इमारतींत चौथा आणि चौदावा मजला नसतो.

जोडणी अगदी सरळ. ११ सप् यत्, २० यी सप्, ९९ कौ सप् कौ. एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ नाही. बोलताना विशीतल्या आकड्यांत ‘यी सप्’चं ‘या’ होतं: २५ म्हणजे या ङ्. वस्तू, डॉलर किंवा वाजलेले तास मोजताना दोनसाठी ‘यी’ चालत नाही. तिथे ‘लेंग’ लागतो, ओठ गोल ठेवून. दुसरा मजला मात्र यी लौ.

नवशिके सर्वांत जास्त फसतात ते ‘पाक् यत्’ला. पाक् म्हणजे शंभर, यत् म्हणजे एक, म्हणून ते १०१ धरतात. खरा आकडा ११०. शेवटच्या अंकाचं स्थान बोलण्यात गाळलं की तो लगेच खालच्या स्थानाचा समजायचा: पाक् ङ् १५०, छिन् (हजार) ङ् १५००, मान् (दहा हजार) ङ् १५,०००. १०१ म्हणायचं तर मधलं शून्य उच्चारावंच लागतं: यत् पाक् लिङ् यत्. साडेतीन डॉलर म्हणजे ‘साम् को पुन्’, आणि दीड डॉलरला नुसतं ‘को पुन्’.

वेळही अशीच. घड्याळातल्या पाच मिनिटांना एक ‘ची’ म्हणतात; साम् तिम् कौ को ची म्हणजे तीन वाजून नऊ ‘ची’, पावणेचार.

मोठ्या रकमा दहा हजारांच्या गटात, म्हणजे ‘मान्’मध्ये मोजतात. लाखांना दहाने गुणा: ३ लाख म्हणजे साम् सप् मान्, १० लाख यत् पाक् मान्, १ कोटी यत् छिन् मान्. घरभाडं किंवा पगार ठरवताना मनात इंग्रजी हजार-मिलियन आणू नका, लाखावरून थेट मान्‌वर या.