जीपचं इंजिन घरी बदलताना : शेवटच्या अर्ध्या इंचाची फट

आमचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या अलीकडं. पावसाळ्यात शेताकडं जायची वाट म्हणजे नुसता राड. म्हणून आमच्याकडं अजून जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे, फोर व्हील ड्राइव्हची, आत २११२ सीसीचं प्युजो एक्सडीपी डिझेल इंजिन. बाबांनी घेतलेली. गेल्या मार्चमध्ये तिच्या इंजिनानं मान टाकली. ऑइल ओतायच्या तोंडातून फसफस धूर, सकाळी स्टार्टरनं दहा-दहा वेळा घोळवावं लागायचं, आणि शेवटी एका सिलिंडरचा लायनर, म्हणजे आतली नळी, फुटला. गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा आम्हाला झेपणारा नव्हता. मग घरीच इंजिन बदलायचं ठरवलं.

मी कुठल्या गॅरेजात काम शिकलेलो नाही. पाने धरता येतात, ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग स्वतः करतो, एवढंच भांडवल. तुम्हीही तेवढ्यावर असाल तर हे काम तुम्हाला जमतं, हे आधी सांगतो. इंजिन उतरवणं, चढवणं यात शक्तीपेक्षा धीर जास्त लागतो. पण एका जागी मी धीर सोडला आणि पेरणीच्या तोंडावर अकरा दिवस गमावले. बाकी सगळं थोडक्यात सांगणार आहे, ती जागा मात्र सविस्तर.

पहिल्यांदा कागद. पाने हातात घ्यायच्या आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, आणि आरटीओला सांगून, मान्यता घेऊन तो नवा नंबर नोंदणी दाखल्यावर चढवावा लागतो. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन असेल तर ही वाट सरळ आहे. पुष्कळ जण अशा जुन्या जीपला २५२३ सीसीचं डीआय इंजिन बसवतात, ताकद जास्त मिळते म्हणून. मला हा मोह बरोबर वाटत नाही. कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर बघतात. तेव्हा अडकलात तर चालू गाडी दारात उभी राहते.

आपण सीमेवरची माणसं. जुनं इंजिन शोधायला आपली पावलं आपसूक कोल्हापूरकडं वळतात, गाडी मात्र केए-२२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची. दुकानदार महाराष्ट्रातला, दाखला कर्नाटकातला. त्यामुळं पक्कं बिल घ्याच, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर ब्लॉकवर स्वतः चिंधीनं पुसून वाचा. बिलाशिवाय पाच हजार कमी करतो म्हणणाऱ्याकडून अजिबात घेऊ नका. अर्ज कन्नडमध्ये भरायचा म्हणून घाबरायचंही कारण नाही. माझा अर्ज शेजारच्या दहावीतल्या पोरीनं दहा मिनिटांत भरून दिला.

इंजिन विकत घेताना ते जमिनीवर पडलेलं असलं तरी बॅटरी लावून स्टार्टरनं घोळवून दाखवा म्हणा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, बाजूचं ऑइल सील आणि ब्लॉकवरची पाण्याची बटणं (पाण्याच्या वाटेची भोकं बंद करणारी पत्र्याची झाकणं) इंजिन बाहेर आहे तोवरच बदलून घ्या. आत बसल्यावर त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही. फ्लायव्हीलचा तोंडवळा लेथवर साफ करून घ्या. हे सगळं तुम्हाला माहीत असणारच.

उचलायचं कसं, हा प्रश्न सगळे विचारतात. गोठ्याच्या आढ्याला चेन पुली बांधू नका. आमच्या शेजारच्या गावात असं करताना वासा खाली आला होता, माणूस थोडक्यात वाचला. तीन जाड लोखंडी पाइपांची तिवई करा, पाय सरकू नयेत म्हणून खालून साखळीनं एकमेकांना बांधा, आणि इंजिन टांगलेलं असताना त्याच्याखाली हातसुद्धा घालू नका. इथं मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

जीपची पुढची जाळी आणि रेडिएटर काढला की इंजिन पुढच्या बाजूनं सरळ निघतं. गिअरबॉक्स आणि त्याच्या मागचा ट्रान्स्फर केस (चारी चाकांना ताकद वाटून देणारा डबा) जागेवरच ठेवता येतात. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर टाका, फोटो काढा. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लच झाकणारं घंटेच्या आकाराचं कवच म्हणजे बेल हाउसिंग. त्याचे बोल्ट सोडायच्या आधी गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाखाली जॅक लावा, नाहीतर इंजिन सुटल्याबरोबर ते तोंड खाली झुकतं आणि परत बसवताना त्रास होतो. जुनं इंजिन दुपारी दोनपर्यंत अंगणात होतं. मला वाटलं, निम्मं काम झालं.

आता ती जागा.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला मधोमध एक भोक असतं. त्यात पितळेसारख्या दिसणाऱ्या कांस्याचा एक छोटा बुश असतो, त्याला पायलट बुश म्हणतात. काही इंजिनांत त्याजागी सुईबेअरिंग असतं. गिअरबॉक्समधून येणाऱ्या इनपुट शाफ्टचं बारीक नाक या बुशात टेकतं. क्लच दाबला की क्रँक फिरत राहतो आणि शाफ्ट थांबतो, म्हणजे नाक आणि बुश यांच्यात फिरणं होतं. बुश अंगठ्याएवढा. त्याच्याकडं कुणी बघत नाही.

घेतलेल्या इंजिनातला बुश झिजून लंबवर्तुळ झाला होता. तो काढायची युक्ती चांगली आहे: भोकात ग्रीस ठासून भरायचं, भोकात बरोबर बसेल अशी लोखंडी कांडी घालायची आणि वरून हातोडा मारायचा. ग्रीसला जायला वाट नसते, ते मागून बुशाला ढकलतं. चौथ्या ठोक्याला बुश माझ्या हातात आला. मग गिअरबॉक्सबाहेर डोकावणाऱ्या नाकाचं माप व्हर्निअरनं घेतलं, क्रँकच्या भोकाचं घेतलं, आणि बेळगावच्या उद्यमबागेत एका लेथवर नवा बुश करून आणला. दीडशे रुपये. घरी आल्यावर तो शाफ्टच्या नाकावर चढवून बघितला. तेलाचं एक बोट लावलं की कसा सुळकन बसायचा आणि मोकळा फिरायचा. मी समाधानानं तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला आणि सकाळी क्रँकमध्ये ठोकून बसवला.

इथंच चुकलो. बुश बाहेरून भोकापेक्षा किंचित मोठा ठेवतात, म्हणून तर तो घट्ट बसतो. पण घट्ट बसताना तो सगळीकडून दाबला जातो आणि त्याचं आतलं भोक लहान होतं. बाहेरून जेवढा जास्त, जवळपास तेवढंच आतून कमी. हातात धरून शाफ्टवर मोकळा फिरणारा बुश, ठोकल्यावर मोकळा राहत नाही. नंतर मोजलं तेव्हा फरक ०.०६ मिलिमीटर निघाला. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही, पण शाफ्ट आत जात नाही. बुश ठोकल्यावर आतून रीमर, म्हणजे भोक किंचित खरवडून मापात आणायचं हत्यार, फिरवून माप परत आणावं लागतं. ठोकायच्या आधीचं माप कामाचं नाही, ठोकल्यानंतरचं माप खरं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

क्लच प्लेट मधोमध बसवली, प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीनं आवळले, इंजिन टांगून मागं सरकवलं. शाफ्टचे दाते प्लेटमध्ये गेले. मग साधारण अर्ध्या इंचावर अडलं. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फट एकसारखी. दोन तास हलवलं, ढकललं, धाकट्या भावानं बंपरवर पाय रोवून रेटलं. अर्धा इंच तसाच. अंधार पडत आला होता, ढग भरून आले होते. मी वरचे दोन लांब बोल्ट घातले आणि पान्यानं आवळायला लागलो. फट कमी होत होती. एक-एक पीळ दिला की एक-एक दोरा कमी. मला बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात शेजारचे मामा आले. ते फाउंड्रीतून फिटर म्हणून निवृत्त झालेत. टॉर्च लावून त्यांनी फटीत बघितलं आणि म्हणाले, “थांब. काय करूलास? बोल्टनं ओढूलास?”

“थोडंच राहिलंय ओ मामा.”

“बोल्ट आवळायला असतोय रे, ओढायला न्हवं. हातानं येत न्हाई म्हणजे आत कायतर अडलंय.”

मी ऐकलं असतं तर दोन पिळांवर थांबलो असतो. पण तिसरा पीळ दिला आणि टक् असा आवाज आला. मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. वरच्या डाव्या बाजूचा बेल हाउसिंगचा कान, म्हणजे बोल्ट जातो तो भाग, मुळापासून चिरला होता. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, लवणं माहीत नाही, ते सरळ चिरतं.

सगळं परत उतरवलं. शाफ्टच्या नाकावर बुशाचा पिवळा थर चिकटला होता, आणि त्याच्यावर नख अडेल एवढा ओरखडा. मामा म्हणाले, कान तुटला ते एका अर्थी बरं झालं. इंजिन तसंच चढलं असतं तर क्लच दाबल्यावरही बुशानं शाफ्टला धरून फिरवलं असतं, गिअर कचकचत पडले असते, आणि दोन महिन्यांनी गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं असतं. नाक बारीक पॉलिश पेपरनं साफ झालं, तेवढं नशीब. जुनं बेल हाउसिंग शोधायला निपाणीपासून हुबळीपर्यंत फोन केले, शेवटी बेळगावातच भंगारात मिळालं, अठ्ठावीसशे रुपयांना. त्यात अकरा दिवस गेले, आणि तेवढे दिवस भाताचं बी डोक्यावरून शेतात न्यावं लागलं. आईनं एक शब्द काढला नाही, ते मला जास्त लागलं.

तुम्ही असं करा. लेथवाल्याकडून बुशाबरोबर एक कांडीही करून घ्या, शाफ्टच्या नाकाएवढ्याच मापाची आणि मागं क्लच प्लेटच्या भोकात बसेल एवढी जाड. नाकाचं माप तीन ठिकाणी घ्या, कारण ते एका बाजूला झिजलेलं असतं. बुश ठोकल्यावर ही कांडी त्यात घालून बघा. नुसत्या बोटाच्या दाबानं आत गेली पाहिजे आणि गोल फिरली पाहिजे. नाही गेली तर रीमर. हीच कांडी पुढं क्लच प्लेट मधोमध धरायलाही लागते. माझ्याकडं ती अजून आहे, कुणाला हवी असेल तर घरी येऊन घेऊन जावी.

आणि फट राहिली तर ती वाचायला शिका. वर कमी आणि खाली जास्त, किंवा उलट, अशी असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोन जुळलेला नाही. जॅक एखादा पीळ वर-खाली करा. सगळीकडं सारखी असेल तर शाफ्टच अडलाय. माझ्या गाडीत लांब अडलं तर प्लेटचे दाते, शेवटच्या अर्ध्या इंचात अडलं तर बुश. दात्यांसाठी गाडी गिअरमध्ये टाका, चाकं जमिनीवर राहू द्या, आणि एकानं इंजिन मागं रेटत असताना दुसऱ्यानं पुढच्या पुलीचा नट पान्यानं हळूहळू फिरवावा. दाते जुळले की ते आपोआप आत जातं. दोन्ही तोंडं एकमेकांना हातानं टेकल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नका.

शिकवणाऱ्या माणसाबद्दलही बोलायचंय. व्हिडिओ मी शंभर बघितले. त्यात इंजिन चढताना दाखवतात, अडताना दाखवत नाहीत. आणि काही मिस्त्री असे असतात की पाना तुमच्या हातात देतच नाहीत, मग वर्षभर नुसती चिंधी आणि डिझेल. अशांकडं वेळ घालवू नका. मामांनी दुसऱ्या वेळी सगळं काम मला करायला लावलं आणि स्वतः पाटावर बसून राहिले. रीमर धरलेला माझा हात वाकडा जायला लागला की फक्त “सरळ” म्हणायचे. असं माणूस गावात असेल तर काम सुरू करायच्या आधी त्याच्याकडं जा, आवाज आल्यावर नको.

दुसऱ्यांदा इंजिन मागं सरकवलं तेव्हा भावानं पुलीचा नट पाव वळसा फिरवला आणि फट मिटली. हातानं. दोन्ही तोंडं टेकल्याचा दबका आवाज आला, आणि मी बराच वेळ बोल्ट हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

पुढचं सोपं आहे. चालू करायच्या आधी स्टॉपची केबल ओढून धरून स्टार्टर थोडा-थोडा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग डिझेलची हवा काढा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंपानं, बुडबुडे थांबेपर्यंत. क्लच दाबून रिव्हर्स टाका. कचकच न होता पडला तर बुश मोकळा आहे. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चेसिसवर धरणारे, बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा. आरटीओची तपासणी झाली, नवा नंबर दाखल्यावर आला. परवा ती जीप भाताची आठ पोती घेऊन कणकुंबीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गेली, आणि मामा शेजारी बसून क्लचचा आवाज ऐकत होते.