अभिस्तर ऊतीची स्लाइड वाचायला शिकताना

ऊतिशास्त्राच्या, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या अभ्यासाच्या, पहिल्या प्रात्यक्षिकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ती हिमॅटॉक्सिलिन या रंगाने जांभळी झालेली केंद्रके आणि इओसिन या रंगाने गुलाबी झालेले पेशीद्रव्य. अभिस्तराच्या, म्हणजे शरीराचे पृष्ठभाग आणि पोकळ्या झाकणाऱ्या पेशींच्या अस्तराच्या, प्रकारांचा पाठ केलेला तक्ता तिथे फारसा कामी येत नाही. स्वतः शिकताना आणि पुढे नव्या विद्यार्थ्यांना स्लाइड दाखवताना मी एकच क्रम पाळत आलो आहे. आधी कमी वर्धनावर ऊतीची मोकळी कड शोधावी, मग अभिस्तर जिथे संयोजी (आधार देणाऱ्या) ऊतीवर टेकतो तो तळ पाहावा, त्यानंतर थर मोजावेत आणि शेवटी सर्वांत वरच्या पेशींचा आकार पाहावा, कारण स्तरित (अनेक थरांच्या) अभिस्तराचे नाव वरच्या थरावरूनच ठरते. अन्ननलिकेच्या अस्तरात तळाशी घनाकार पेशी असतात, तरीही वरच्या पेशी चपट्या असल्यामुळे त्याला स्तरित पट्टकीच म्हणतात.

नाव ठरले की त्या जागेचे काम काय, हे लगेच स्वतःला विचारावे. फुफ्फुसांतील वायुकोशांतून वायू आरपार जायचा असतो, म्हणून तिथे चपट्या पेशींचा एकच थर पुरतो. घास सतत घासत जाणाऱ्या अन्ननलिकेला मात्र झिजणारे आणि पुन्हा भरून येणारे अनेक थर लागतात. मूत्रपिंडाच्या वृक्कनलिकांतील घनाकार आणि लहान आतड्यातील स्तंभीय पेशी शोषणाचे काम करतात, त्यामुळे त्यांच्या मोकळ्या कडेवर सूक्ष्मांकुरांची (बोटांसारख्या अतिसूक्ष्म उंचवट्यांची) दाट झालर असते.

सर्वाधिक वेळ श्वासनलिकेच्या स्लाइडला द्यावा, असे मला मनापासून वाटते. तिथे केंद्रके वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे अनेक थर असल्याचा भास होतो, पण प्रत्येक पेशी तळाच्या पटलाला टेकलेली असते. म्हणून हा अभिस्तर छद्मस्तरित, म्हणजे फक्त स्तरित भासणारा, ठरतो. वर्धन वाढवून फोकस अगदी हळू फिरवला, तर कडेवरचे रोमक (केसांसारखे हलणारे तंतू) आणि मधूनमधून फिकट, फुगीर, श्लेष्मा (चिकट स्राव) बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी स्पष्ट दिसतात. गॉब्लेट पेशींच्या श्लेष्म्यात धूळ अडकते आणि रोमक ती घशाकडे ढकलतात. छेद तिरका गेला असेल, तर साधा (एकाच थराचा) अभिस्तरही स्तरित भासतो. अशा वेळी त्याच स्लाइडवर सरळ कापलेला भाग शोधावा.

पुढे विकृतिशास्त्रात, म्हणजे रोगाने बदललेल्या ऊतींच्या अभ्यासात, हीच नजर लागते. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासवाहिन्यांत रोमक अभिस्तराच्या जागी स्तरित पट्टकी अभिस्तर येऊ शकतो. तो धुराला अधिक टिकतो, पण त्याला रोमक नसल्यामुळे श्लेष्मा वर सरकत नाही आणि तो बाहेर काढण्यासाठी खोकल्यावरच भार येतो.