पितळेच्या पाटीवरचा मेणलेप कसा दुरुस्त करावा

माझी पहिली पाटी घराच्या नावाची होती: ‘गोदासदन’. धातू कोरणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून बाहेर काढली, लेप पुसला, तर ‘स’च्या डोक्यावर एक टपोरा ठिपका. गोदासंदन! लेपात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं होतं आणि द्रावणाने तेही अक्षराइतकंच मन लावून कोरलं होतं. तो अनुस्वार घालवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आधी दिसला असता तर ब्रशच्या एका टिंबात बुजला असता.

तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा काळा लेप चढवायचा, सुईने त्यातून अक्षरं उघडी करायची आणि पत्रा द्रावणात सोडायचा, अशी ही पद्धत. उघडा धातू झिजतो, झाकलेला वाचतो. ते उघडं तुम्ही मुद्दाम केलंय की चुकून राहिलंय, हे द्रावणाला कळत नाही.

आधी कारण शोधा

घाईने भोकं बुजवायला बसू नका. बहुतेक वेळा दोष लेपात नसतो, लेपाखाली असतो. भोकं पत्राभर विखुरलेली असतील तर पत्रा तेलकट राहिला होता. एका कोपऱ्यात लेप पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिथे बोट लागलं होतं. बारीक बुडबुडे फुटल्यासारखे खळगे दिसले तर लेप चढवताना पत्रा जास्त तापला होता. लेप वितळला पाहिजे, त्यातून धूर निघता कामा नये.

चिंच-मिठाने घासलेला पत्रा लखलखतो, म्हणून तो स्वच्छ झाला असं वाटतं. भांडी बाजारातून आणलेला नवा तांब्या आजीने असाच उजळला असता, पण चिंच काळपटपणा काढते, तेल नाही. तेलासाठी खडूची पूड आणि थोडा भांड्यांचा साबण ओल्या फडक्यावर घेऊन घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. पत्रा उभा धरल्यावर पाणी सलग पडद्यासारखं उतरलं पाहिजे. थेंब गोळा होत असतील तर पुन्हा घासा. यानंतर पत्रा फक्त कडेने धरायचा.

लेपावर अजून काही कोरलं नसेल आणि भोकं दहा-बारापेक्षा जास्त असतील, तर माझं मत सरळ आहे: लेप रॉकेलने पुसा, पत्रा धुवा आणि नव्याने चढवा. ठिगळं लावण्यापेक्षा वेळ कमी लागतो.

दोष बघायचे कसे

समोरून बघून काही दिसत नाही. खिडकीशी उभं राहा, पत्रा डोळ्यांच्या पातळीला आडवा धरा आणि हळूहळू कलता करा. काळ्या लेपात तांबं गुलाबी आणि पितळ पिवळं चमकतं. धुळीचा कण चमकत नाही, पण त्याच्याभोवती लेप उचललेला असतो, म्हणून तोही धरायचा. सराफाचं असतं तसं डोळ्याला लावायचं भिंग असेल तर उत्तम. एकदा उभं बघा, एकदा आडवं, आणि सापडलेल्या प्रत्येक दोषाशेजारी पांढऱ्या पेन्सिलीने हलकी खूण करा. नाहीतर ब्रश घेऊन येईपर्यंत तो पुन्हा हरवतो.

बुजवायचं कशाने

दोन पर्याय. फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून घ्या. स्पिरिट मेणाला आणि डांबराला फारसा धक्का लावत नाही, म्हणून आजूबाजूचा लेप शाबूत राहतो. दुसरा पर्याय टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं ब्लॅक जपान, म्हणजे डांबराचं काळं व्हार्निश. हे टर्पेंटाइन लेपालाच विरघळवतं. जास्त पातळ असेल तर एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडतं. म्हणून ते घट्टच ठेवा आणि ब्रश जेमतेम ओला करा.

लहान भोकावर झिरो नंबरच्या ब्रशचं टोक फक्त टेकवा, फिरवू नका. ओरखड्यावर मात्र दोन्ही बाजूंना थोडं जास्त जाईल असा पट्टा ओढा. जिथे लेप सुटलाय तिथे वरून रंगवून उपयोग नाही, द्रावण कडेखालून आत शिरतं. सुटलेला भाग लाकडी काडीने पूर्ण उचला, ती जागा खडूच्या पुडीने घासून पुसा, कोरडी करा आणि मग भरा.

चुकीची रेघ बुजवून तिथे पुन्हा अक्षर काढायचं असेल तर चपडा नको. तो सुईखाली काचेसारखा टवके देतो. तिथे ब्लॅक जपान बरं, आणि रात्रभर वाळू द्या.

नाशिकच्या हवेचंही ऐकावं लागतं. श्रावणातल्या दमट दिवसात चपडा वाळताना पांढरट पडतो आणि कच्चा राहतो. दिव्याजवळ ऊब देऊन वाळवा, पण स्पिरिटची बाटली आधी लांब ठेवा. निफाडकडून गार वारं येतं त्या दिवसांत मेणलेपच ठिसूळ होतो, म्हणून सुई लावण्याआधी पत्रा थोडा उबेला ठेवलेला बरा.

पाठ आणि कडा चिकटपट्टीने झाका.

पाच मिनिटांनी बाहेर काढा

ही पायरी सगळे टाळतात. हातमोजे आणि चष्मा घालून, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पत्रा पाच मिनिटं ठेवा, काढा, धुवा, टिपून कोरडा करा आणि पुन्हा खिडकीशी जा. राहून गेलेली भोकं आता काळपट ठिपके होऊन उठून दिसतात आणि अजून खोल गेलेली नसतात. बुजवा, वाळवा, मग निर्धास्त आत सोडा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हे करू नका, द्रावण जोरात उकळतं. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, म्हणून ते मोरीत ओतायचं नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचं काम करणारं कोणी सांडपाण्याची सोय असलेलं भेटतं का, ते विचारा.

तरी खड्डा पडलाच तर

आधी लेप काढा: चपडा स्पिरिटने, मेणलेप रॉकेलने. चपड्यावर रॉकेल कितीही घासलं तरी तो ढिम्म हलत नाही.

मग डोळे मिटून नख फिरवा. नखाला खड्डा लागला नाही तर ओपणीवर (धातू दाबून गुळगुळीत करायचं गोल टोकाचं हत्यार) तेलाचा थेंब घेऊन दाबत फिरवा, कडा आत बसतात. लागला तर आधी तीन धारी खरवडणीने आजूबाजूचा धातू लांबवर, उथळ बशीसारखा उतरवा आणि मगच ओपणी. फक्त खड्ड्यावर घासलं तर खड्डा मोठा होतो. पाटीपुरतं एवढं भागतं. पण त्याच पत्र्यावरून छापा काढणार असाल तर जास्त काटेकोर व्हा, कारण न दिसणारा ओरखडाही शाई धरतो. नाशिकरोडला १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. शंभराच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवलं की लागते ती खरखर म्हणजे कोरलेल्या प्लेटच्या खोबणीतून उचललेली शाईच.

खड्डा फार खोल असेल तर कॅलिपरने मागची नेमकी जागा खुणावा, पत्रा ऐरणीवर पालथा ठेवा आणि मागून छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. तांबं सहज वर येतं, पितळ हट्टी असतं. मग पुढून पुन्हा सपाट करा.

शेवटी सगळा पत्रा बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा. नुसती दुरुस्तीची जागा चमकवलीत तर दारावर तिरकं ऊन पडताच ती आरशासारखी उठून दिसते.