नळाला पाणी आलं की मोबाईल वाजवणारा छोटा वायफाय बोर्ड

बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांतनं येतंय, पण आपल्या गल्लीत कधी सोडतील ह्याचा नेम नसतोय, मग घरातलं कोणतरी एक, बहुतेक आई नाहीतर आजी, रात्रीचं नळाकडं कान लावून पडलेलं असतंय. स्मार्ट होम म्हटलं की सगळे रंगीत बल्बपासून सुरू करालेत, माझं म्हणणं आधी पाणी आल्याचं कळवणारा हा बोर्ड करा, घरच्यांची झोप वाचते आणि २३० व्होल्टच्या वायरला हात पण लावायला लागत नाही.

सामान थोडंच. डी१ मिनी बोर्ड (त्यात ईएसपी८२६६ चिप असते, काड्यापेटीपेक्षा लहान), प्लास्टिकचा छोटा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा गोळा वर गेला की जोडला जाणारा स्विच), ट्रान्झिस्टर असलेलं बझर (भोंगा) मॉड्यूल, दोन कोअरची वायर आणि मोबाईलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर. यूएसबी केबल डेटावाली बघून घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही आणि माणूस उगाच ड्रायव्हर शोधत बसतंय.

आता खरी युक्ती डब्यात आहे. नळाखाली प्लास्टिकचा एक डबा ठेवायचा, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडायचं आणि फ्लोट आत उभा बसवायचा. नळ सोडूनच ठेवायचा, खाली बादली किंवा हौद. पाणी आलं की भोकातनं जातंय त्याच्यापेक्षा जास्त पडतंय, डबा भरतोय, फ्लोट वर उचलला जातोय. पाणी गेलं की डबा आपोआप रिकामा, पुढच्या वेळेला तयार. भोक आधी अगदी बारीक पाडा, मग लागेल तसं मोठं करा, कारण आधी नळाला नुसती हवा येती, चार थेंब पडतात, तेवढ्यावर अलार्म व्हायला नको. फ्लोट उलटं काम करत असला तर खालची क्लिप काढून गोळा उलटा घाला, झालं.

स्विचची एक वायर बोर्डावरच्या डी२ पिनेला, दुसरी ग्राउंडला (जीएनडी पिनेला). बझरची सिग्नल डी१ला. डी३, डी४, डी८ ह्या पिनांना सुरुवातीला हात लावू नका, बोर्ड चालू होताना त्या बघूनच चिप ठरवते कसं सुरू व्हायचं, तिथं स्विच लावला तर कधी चालू होईल कधी नाही. पिनेला ३.३ व्होल्टच, ५ व्होल्ट देऊ नका.

अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधी ईएसपी८२६६चं बोर्ड पॅकेज टाका, डी१ मिनी निवडा, पोर्ट दिसत नसेल तर सीएच३४० (बोर्डावरची यूएसबीची चिप) चा ड्रायव्हर टाका. कोडमधी डी२ला इनपुट पुलअप ठेवायचं, म्हणजे एरवी पिन ३.३ व्होल्टवर राहते आणि फ्लोट वर गेला की शून्य होते. पाणी हिंदकळतं तसं स्विच पण लटपटतोय, म्हणून सलग ५ सेकंद शून्य राहिली तरच पाणी आलं समजायचं, आणि मेसेज एकदाच पाठवायचा, नाहीतर मोबाईल वाजतच राहील. टेलिग्रामवर बॉटफादर नावाच्या खात्याकडनं बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) बनवा, त्याचं टोकन (गुप्त किल्ली) कोडमधी घाला, बॉटला आधी आपण स्टार्ट करायचं, त्याशिवाय तो आपल्याला मेसेज पाठवू शकत नाही. टोकन कुणाला दाखवू नका. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच पाहिजे, ५ गिगाहर्ट्झवर हा बोर्ड चालत नाही.

बझर मात्र सोडू नका. पावसाळ्यात इंटरनेट गेलं तरी तो वाजतोय, आणि आजीला मोबाईल बघायची गरजच नाही.

बोर्ड नळाजवळ नको, भिंतीवर उंच डबीत ठेवा, वायर डबीत घालायच्या आधी खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी ओघळून तिथंच पडतंय. खानापूर-जांबोटीकडं ज्यांचं घर आहे त्यांनी तर हे डबी-वळशाचं करायलाच पाहिजे, त्या दमट हवेत जोड लगेच हिरवे पडतात.

पुढं मोटर पण ह्यानंच चालू करावी वाटेल, वाटणारच. पण ते छोटं निळं रिले (बोर्डानं चालू-बंद होणारा स्विच) थेट मोटरला लावू नका, सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते आणि आतले पॉइंट चिकटले की मोटर बंदच होत नाही. रिलेनं कॉन्टॅक्टर (जास्त करंट सोसणारा मोठा स्विच) चालवायचा, कॉन्टॅक्टरनं मोटर, आणि ती वायरिंग वायरमनकडनंच करून घ्या.